गळक्या हाताचा

दमणी, कुसाला माहेरी न्यायला आलेली बैलगाडी, दाराशी उभी होती आणि रंगनाथ अजून तांब्याचा पोचा काढत ओट्यावर बसला होता.

सकाळी त्याच्या बायकोने, कुसाने, तो तांब्या भिंतीवर मारला होता. आदल्या महिन्यात पितळेचं फुलपात्र मारलं होतं, ते तडकलं. भांडं फेकायचं, मग चुलीपुढे बसून ऊर फुटेस्तोवर रडायचं, जेवायचं नाही, कुणाचा शब्द सोसायचा नाही. चार-पाच दिवस असं चाले. मग कावळा शिवे, ती बाहेर बसे, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आली की जात्यावर तिच्या ओव्या पुन्हा ऐकू येत. रंगनाथच्या आईने, भागूबाईने, सहा महिने हे पाहिलं आणि कळवणला व्याह्यांकडे सांगावा धाडला : लेक घेऊन जा, बरी झाली तर पाठवा.

बरी झाली तर. छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. अशा निरोपावर माहेरी गेलेली सून परत आलेली नाशिकच्या त्या तांबटांच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती.

"अहो," कुसा दाराआडून म्हणाली. तिचं गाठोडं उंबऱ्याशी होतं. "मला सगळं दिसत असतं हो. हात तेवढा माझा राहत नाही. दोन दिवसांत बाहेर बसेन, की मग मी माझी."

रंगनाथने मान हलवली. त्याला बोलणं जमत नसे. हातोडी तेवढी जमे.

तांब्या लोखंडी खुंटावर चढवून त्याने तो उन्हात फिरवला, आणि त्याचा हात थांबला. आजच्या पोच्याशेजारी जुना, बुजवलेला पोचा होता. त्याच्या शेजारी आणखी एक. मग आणखी. तांब्याचं सगळं पोट असल्या दुरुस्त्यांनी भरलं होतं, आणि त्यांवरचे बारीक ठोके उलट्या अंगाला झुकलेले होते. असा ठोका गल्लीत एकाच माणसाचा होता. त्याचे वडील, दादा, डावखुरे होते.

मग त्याला ती जुनी सकाळ आठवली. ती एक नव्हती, पुष्कळ होत्या. याच ओट्यावर दादा हाच तांब्या मांडीवर घेऊन बसलेले. समोरचा खाजा कल्हईवाला भाता थांबवून ओरडायचा, "उस्ताद, फिर गिरा क्या? हाताला तूप लावून निजता काय?" दादा हसायचे. "निसटला बाबा," म्हणायचे. गल्लीने त्यांना नावच पाडलं होतं, गळक्या हाताचा तांबट. पोचा निघाला की दादा त्या जागेवरून अंगठा फिरवत राहायचे, तापलेल्या लेकराचं कपाळ चाचपावं तसा.

भागूबाई लगबगीने बाहेर आली. "उरक रे. ऊन चढतंय. कळवण काय नुसतं गंगेपलीकडे आहे?"

"आई, हे ठोके दादांचे."

"असतील."

"वीस तरी पोचे आहेत. दादांच्या हातून दुसरं कुठलं भांडं पडलेलं मला आठवत नाही. हंडा नाही, घागर नाही. हा एकटाच कसा?"

भागूबाईने तांब्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग ती पायरीवर टेकली आणि पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळू लागली.

"त्यांच्या हातून नाही रे पडला," ती खाली पाहत म्हणाली. "कावळा शिवायच्या आधी माझंही डोकं असंच उठायचं. तू पोटात होतास तेवढे महिने काय ते घर शांत. त्यांना दिवस बरोबर कळायचे. पितळेची फुलपात्रं फडताळात ठेवायचे आणि हा एकटा माझ्या हाताशी. तांबं दबतं, तडकत नाही, म्हणायचे."

"आणि तू हे विसरलीस?"

"पंधरा वर्षं झाली ते दिवस सरून." तिचा आवाज बारीक झाला. "लोक त्यांना हसायचे. हसता हसता तेच मलाही खरं वाटायला लागलं."

दाराआड बांगड्या वाजल्या. कुसाने सगळं ऐकलं होतं.

कारभारी, कुसाचे वडील, बैलांना पाणी दाखवून, दमणीला जुंपून परत आले. "जावईबापू, दिस वर आला. पोरीला बसवू का?" त्यांची नजर तांब्यावर गेली. "ह्यो तिनंच फेकला ना? तुमच्या आईचा निरोप व्हता, लय आदळआपट करती म्हणून."

भागूबाई उठली आणि तांब्या रंगनाथपुढे ठेवून आत गेली.

रंगनाथने आजच्या पोच्याच्या जागेवरून अंगठा फिरवला.

"नाही मामा," तो म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, गल्लीला ऐकू जावं असं. "माझ्या हातून निसटला."

समोर भाता थांबला. खाजाची दाढी आता पांढरी झाली होती, पण हसू तेच होतं. "घ्या! बापाचा हात लेकाला आला. दुसरा गळका आला रे गल्लीत!"

चार ओट्यांवरचे हातोडे थांबले आणि सगळी गल्ली हसली. रंगनाथही हसला. कारभारी क्षणभर जावयाकडे, मग उंबऱ्याशी असलेल्या गाठोड्याकडे पाहत राहिले. मग गेले आणि बैल सोडू लागले.

आत फडताळाची कडी वाजली. भागूबाई पितळेची फुलपात्रं एकेक करून वरच्या फळीवर ठेवत होती.