देवराईचा रकाना

वनखात्याच्या संगणकानं हे खोरं सोडून दिलं, त्याला महिना झाला. मोजणीच्या आकड्यांवरून धनेश पक्षी इथं टिकणार नाहीत असं त्याचं भाकीत आलं, आणि सगळं संरक्षण पलीकडच्या खोऱ्याला गेलं. तोडीला मोकळीक मिळाली आणि आज देवराईतली झाडं पडत होती.

“भिवाकाका, देवराईच्या रकान्यात तुम्ही दरवर्षी शून्य भरलंत,” वनाधिकारी मृदुला म्हणाली. भिवा झोरे गेली दहा वर्षं खात्यासाठी पक्षी मोजत होता. “खरंच एकही नव्हता?”

“आत गेलोच नाही, मॅडम. देवाच्या रानातलं मोजायचं नसतं, असं आमचा बा सांगायचा. रकाना रिकामा ठेवला तर मोबाइलमधला फॉर्म पुढं सरकायचा नाही. म्हणून शून्य टाकलं.”

मृदुला देवराईकडे चालू लागली. भिवानं वहाणा काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा तो आत गेला. एक जुनाट बेहडा आडवा झाला होता. त्याच्या ढोलीचं तोंड, धनेश अंडी घालताना लिंपतात तसं, लिंपलेलं होतं आणि मधल्या फटीतून मादीची चोच घास मागत होती.

वर नर चोचीत उंबर धरून, झाड जिथं होतं तिथल्या मोकळ्या हवेभोवती घिरट्या घालत होता.