मळकं पाणी

गालिचे धुऊन देण्याचा नवा धंदा काढायचा म्हणून नवरा-बायको सकाळपासून मशीन बघत फिरत होते. या दुकानात येईस्तोवर तिच्या पायांचे तुकडे पडले होते.

नवऱ्याच्या मनात स्टीलच्या टाकीचं मशीन भरलं. “हलकं आहे, आवाज नाही, दिसायलाही कसं रुबाबदार!”

“शिवाय मळकं पाणी आत किती जमलं, कुणाला दिसतसुद्धा नाही,” दुकानदारानं भर घातली.

“मग ते नकोच,” ती म्हणाली आणि तिनं कोपऱ्यातल्या बोजड मशीनवर हात ठेवला. त्याची टाकी आरपार दिसणारी होती. “हे द्या.”

“अगं, हे धूड उचलून कंबर जाईल तुझी! आणि ती घाण कशाला दाखवायची लोकांना?”

“दाखवायचीच. टाकी आधी त्यांच्यासमोर ठेवायची, मग ओतायची. नाहीतर म्हणतात, सगळं स्वच्छच तर होतं, तू एवढा वेळ केलंस काय?”

नवरा हसला. “असं कोण म्हणतं? अजून एक गिऱ्हाईक नाही आपल्याला!”

ती तिथल्याच स्टुलावर टेकली.

“तुम्ही म्हणता की. रोज, घरी आल्यावर.”