थंडीपुरता स्वेटर

"आई, हा स्वेटर थंडीसाठी आहे की लोकांसाठी?"

विचारलं एकदाचं! माझ्या मैत्रिणींनी, निशा आणि आसावरीने, पैज लावली होती, की घरी हे विचारायची माझी टाप नाही.

दिवाळीत माझ्या उजव्या हातावर कोडाचे पांढरे डाग उठले, तेव्हा आईनेच हा लांब बाह्यांचा स्वेटर आणला. म्हणाली, थंडीपुरती तरी काळजी मिटली. पण यंदा भिवंडीत थंडी आलीच नाही! जानेवारीतही घरोघरी पंखे चालू, दिवसभर डोंगराकडून गरम, कोरडा वारा, आणि अख्ख्या शाळेत स्वेटरवाली मी एकटी.

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "लोकं नावं ठेवतील गो बाय."

पप्पा नुकतेच लूमवरून आले होते. ते हळूच म्हणाले, "अगो, या वाऱ्यानं सूत तुटतं, म्हणून मी कारखान्यात दिवसभर जमिनीवर पाणी मारतो. आणि इथं आपली पोर लोकरीत शिजतेय, ती आपल्याला दिसत न्हाय?"

आईने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि पिठाच्याच हाताने स्वेटरचं वरचं बटण काढलं. बाकीची मी धडाधड काढली.

"आता ऐका दोघंही," मी जाहीर केलं, "सव्वीस जानेवारीला मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात परेडला जाणार. आणि झेंड्याला कडक सलामी देणार, याच हाताने!"