खुरटं करडू

वहिनी प्रयोगशाळेत शिरली ती चपला न काढता. चपला बाहेर काढाव्यात अशी पाटी दारावर होती. ती तिने वाचली आणि चिखल घेऊनच आत आली.

"माझं करडू कुठंय, वन्सं?"

एरवी ती नावाने हाक मारायची. वन्सं म्हणाली म्हणजे भांडायलाच आली, हे नणंदेने ओळखलं. हातातलं काम तिने बाजूला ठेवलं.

"दादाने सांगितलं नाही?"

"तुझ्या दादाच्या तोंडाला कुलूप आहे. म्हणून इथवर आले. तपासायला नेते म्हणालीस. वजन करणार, रक्त घेणार. मग परत का नाही आणलंस?"

नणंद वर्गात शिकवावं तशा आवाजात सांगू लागली. शरीर वाढवणारं एक जनुक असतं. ते यकृतात किती काम करतं, मांसात किती, मेंदूत किती, हे बघायचं तर प्रत्येकाचा तुकडा लागतो. धडधाकट करडं हवी तेवढी मिळाली. जन्मापासून खुरटलेलं असं हे एकच हाती लागलं होतं.

वहिनी टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आली.

"त्याला काही कळलंसुद्धा नाही," नणंद घाईने म्हणाली. "भूल दिली होती. आणि मी दादाला विचारलं होतं."

"दादाला! दादाने एकदा तरी बाटली धरली त्याच्या तोंडाला? शेळीने लाथाडलं तेव्हापासून माझ्या कुशीत झोपलंय ते."

"ते वाढतच नव्हतं, वहिनी. का वाढत नव्हतं, तेच तर शोधतेय मी."

"मी कधी म्हटलं होतं, त्याला वाढव म्हणून?"

नणंदेचं डोकं फिरलं.

"उगाच तमाशा करू नका. एका मरतुकड्या करडापायी माझ्या कामाच्या जागी येऊन..."

"दाखव."

"काय?"

"उरलंय ते दाखव."

दाखवलं की जाईल एकदाची, असं वाटून नणंदेने जाड हातमोजे चढवले आणि डीप फ्रीझर उघडला. पांढरी वाफ बाहेर लोटली. तिने एक छोटी नळी उचलून लांबूनच समोर धरली. आत घेवड्याच्या दाण्याएवढा तपकिरी तुकडा होता.

"हे यकृत."

वहिनीने झडप घालून नळी ओढून घेतली आणि उघड्या हाताची मूठ वळली.

"सोडा ती!" नणंद तिच्या मनगटावर तुटून पडली. "वितळलं तर संपलं! दुसरं कुठून आणू मी?"

त्या गारठ्याने कातडी सोलून निघते, हे नणंदेला पक्कं ठाऊक होतं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मूठ मात्र सुटली नाही.

"हात भाजतोय माझा," वहिनी दात आवळून म्हणाली. "तेवढं तरी बघ."

नणंदेने मान वर केली नाही. ती वहिनीची बोटं एकेक करून उचकटत होती.