कादंबरीतला जावई

वेनिंगच्या आईची कादंबरी इंडोनेशियातल्या योग्याकार्तात गाजली आणि ती इंग्रजीत नेण्याचं काम वेनिंगकडेच आलं. पंचाईत अशी, की त्यातला ऐतखाऊ जावई हुबेहूब तिच्या नवऱ्यासारखा, गॅरेथसारखा होता. तो वेल्सचा. इतकी वर्षं सासुरवाडीत राहूनही तो इथली भाषा चहा मागण्यापुरतीच बोलायचा. इंग्रजी पुस्तक मात्र तो वाचणारच होता.

"आई, तू त्याला गेंड्याच्या तोंडाचा म्हटलंयस. इंग्रजीत सरळ 'निर्लज्ज' लिहावं लागेल."

"मग लिही! खोटं आहे का?"

"तुझं काय जातंय? संसार माझा आहे!"

शेवटी वेनिंगने गेंड्याच्या तोंडाचा जावई 'रुबाबदार' केला. दगडी डोक्याचा हटवादी माणूस 'खंबीर' झाला. सोयाबीनच्या तळलेल्या तेम्पेवर गुपचूप हात मारणारा 'लांब हाताचा' चोर चक्क 'दानशूर' ठरला.

गॅरेथ व्हरांड्यात बसून अनुवाद वाचू लागला, तेव्हा मायलेकी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभ्या होत्या. वाचून झाल्यावर तो आत आला. पानापानावर त्याने लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.


"वेनिंग, आईंच्या लिखाणाची पार वाट लावलीस," तो अस्खलित इंडोनेशियनमध्ये म्हणाला. "'रुबाबदार' कसला? त्या रोज शेजारणीला माझ्याबद्दल 'गेंड्याच्या तोंडाचा' असं सांगतात, तेव्हा त्याचा अर्थ 'निर्लज्ज' असाच असतो!"