फर्गसचं मत

दाढीवाला पुन्हा खुर्चीत येऊन बसला, तेव्हा त्याच्या हनुवटीवर एकही केस उरला नव्हता. सकाळी छातीपर्यंत दाढी होती. ती मिरवत तो एक मत टाकून आला. मग फेलिम गॅफनी न्हाव्याने हनुवटी साफ केली, कल्ले आणि मिशी ठेवली, आणि तो दुसऱ्याच कुणाच्या नावाने दुसरं मत टाकून आला. आता कल्ले जायचे होते. न्यूयॉर्कमध्ये निवडणुकीच्या दिवशी बंदराजवळच्या न्हाव्यांना उसंत नसते, आणि नगरसेवक डनिगनच्या इमारतीत दुकान असलेल्या न्हाव्याला तर नाही म्हणायचीही सोय नसते.

"मिशी राहू दे," डनिगनसाठी वॉर्डातली मतं गोळा करणारा कॅप्टन कॉरिगन म्हणाला. दातांत सिगार धरून तो खुर्चीतल्या माणसाच्या कानाशी वाकला. "आता तू फर्गस गॅफनी. गवंडी. पत्ता याच घराचा. नीट घोकून ठेव, मघासारखा अडखळू नकोस."

फेलिमचा वस्तरा थांबला.

"कॅप्टन, फर्गस माझा भाऊ."

"म्हणून तर तुझ्याकडे आणलाय. मिशी कशी होती ते तुला माहीत."

शेगडीजवळ फेलिमची आई नोरा बटाटे उकडत बसली होती. मोतीबिंदूने तिचे डोळे गेले होते; कान मात्र शाबूत होते.

"फर्गसचं नाव कोणी घेतलं?"

"मी गं, मावशी!" कॉरिगन हसला. "निवडणुकीच्या दिवशी आपल्या वॉर्डात कोणी मेलेलं नसतं."

"जूनमध्ये मेला तो. नव्या शाळेच्या भिंतीखाली."

"आणि मयताला बग्ग्या कोणी पाठवल्या? डनिगनसाहेबांनीच ना? विसरू नये माणसाने."

ते खरंच होतं. बग्ग्या आल्या होत्या, व्हिस्की आली होती, आणि मयताजवळ कॉरिगन स्वतः हमसाहमशी रडला होता. शाळेचं कंत्राट डनिगनच्या मेहुण्याचं होतं आणि चुन्यात नुसती वाळू होती, हेही वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. ढिगाऱ्यातून फर्गसचा एक हात तेवढा वर दिसत होता.

"लवकर पाठव याला," म्हणत कॉरिगन रस्त्यापलीकडे रांग बघायला गेला.

नोरा चाचपडत खुर्चीपाशी आली. तिने त्या माणसाचा हात धरला.

"तुझं खरं नाव काय रे?"

"ओवेन, आजी."

"आई आहे?"

"समुद्रापार, गावाकडे होती. दुष्काळात गेली."

नोराने हात आणखी घट्ट धरला. "आम्हा बायकांना मत टाकता येत नाही, बाळा. माझ्या फर्गसला होतं. ते त्या डनिगनला देऊ नकोस. दुसऱ्या पक्षाची पांढरी चिठ्ठी टाक. डनिगन हरायचा नाही, ते कळतं मला. पण माझ्या पोराचं मत त्याला नको."

ओवेन कसानुसा हसला. "आजी, चिठ्ठी हात वर करून टाकायची असते. डनिगनची हिरवी. समोर कॅप्टन बघत उभा असतो. रंग चुकला तर माझे दात हातात येतील."

"ठाऊक आहे," नोरा म्हणाली, पण तिने हात सोडला नाही.

ओवेनने फेलिमकडे बघितलं. फेलिम एक शब्द बोलला असता, तर कदाचित त्याला धीर आला असता. फेलिम त्याच्या कानामागचा फेस पुसत राहिला.

"बघतो, आजी," म्हणून ओवेन उठला.

मतदान समोरच्या तबेल्यात होतं; त्याची दारं सताड उघडी होती. कारकुनाने खणखणीत आवाजात पुकारलं, "फर्गस गॅफनी!" तशी नोरा ताठ झाली.

"हजर!" तबेल्यातून उत्तर आलं. तिने अ‍ॅप्रन तोंडाशी धरला.

फेलिमला खिडकीतून सगळं दिसत होतं. ओवेनने हात वर केला. गर्दीच्या डोक्यांवर तेवढा एक हात. कॉरिगनने मान हलवली आणि चिठ्ठी पेटीत पडली.

"कोणती रे?" आईने विचारलं.

चिठ्ठी हिरवी होती.

"पांढरी," फेलिम म्हणाला.

म्हातारीचा चेहरा असा उजळला की फेलिमला तिकडे बघवेना. जूनपासून ती हसली नव्हती. मग एकदम तिचा जीव घाबरा झाला.

"अरे, मारतील ना त्याला! जा, मागच्या दाराने आत घे!"

पण ओवेन पुढच्याच दाराने आला. त्याच्या खांद्यावर कॉरिगनचा हात होता. "आता मिशी उडव," कॉरिगनने दारातूनच सांगितलं आणि तो परत वळला. ओवेन खुर्चीत बसला.

"कॅप्टनला कळलंच नाही म्हणजे!" नोरा पुटपुटली. भिंतीच्या आधाराने ती बटाट्यांचा वाडगा घेऊन आली. तिने ओवेनचे गाल चाचपले, ओठ चाचपले. "लागलं नाही ना कुठे? फेलिमने सांगितलं मला. पांढरी टाकलीस तू."

ओवेनने आरशातून फेलिमकडे पाहिलं. फेलिम साबणाच्या भांड्यात ब्रश फिरवत होता. त्याने मान वर केली नाही.

"खा, बाळा," नोरा म्हणाली. "फर्गसच्या वाटचे आहेत. लोणी घातलंय."

"खा," फेलिमही हळूच म्हणाला. "मी थांबतो."

ओवेनने बटाट्याचा एक घास तोंडात घातला. मग दुसरा. वाडगा रिकामा होईपर्यंत म्हातारी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिली.