गप्प बसण्याचा तास

"प्रश्न विचारलात की गप्प बसायचं," एम.ए.च्या मुलांना चिलवेरी मॅडम दरवर्षी बजावत. "माणूस आधी पाठ झालेलं बोलतो. मग ती शांतता त्याला सोसवेनाशी होते, आणि तो खरं बोलतो. आपलं संशोधन तिथून सुरू होतं."

मुलाखतीच्या सरावाला त्या मुलांना घेऊन सोलापुरातल्या नरसम्मांच्या घरी आल्या होत्या. नरसम्मांचा जन्म बिड्या वळण्यात गेला होता. मुलांमधल्या इर्शादने त्या दिवसांबद्दल विचारलं, तसा नरसम्मांच्या कानामागचा स्मरणमणी मिणमिणला.

"कष्ट होते, पण समाधान होतं," त्या म्हणाल्या.

इर्शाद गप्प बसला. नरसम्माही बसल्या, अगदी निवांत. आठवणी सांभाळणाऱ्या त्या इवल्याशा यंत्राने, मण्याने, बोचणारं सगळं काढून आठवण नीटनेटकी लावून दिली होती, आणि ती सांगून झाली होती. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनीही हेच वाक्य ऐकवलं होतं.

बाहेर आल्यावर मॅडम उखडल्या. "तुम्हाला धड गप्पसुद्धा बसता येत नाही!"

"मॅडम," इर्शाद हळूच म्हणाला, "तुमची आईपण बिड्याच वळायची ना? कसे होते ते दिवस?"

मणी आता सगळ्यांनाच होता. मॅडमच्या कानामागे किंचित ऊब आली.

"कष्ट होते," त्या म्हणाल्या, "पण समाधान होतं."

इर्शाद शिकवल्याप्रमाणे गप्प राहिला. आत अजून काहीतरी असेल, वर येईल, म्हणून मॅडमही डोळे मिटून थांबल्या. डोळ्यांपुढे आई आली, हसली, आणि तशीच हसत राहिली.

त्या शांततेचा त्यांना जराही त्रास होत नव्हता.